अधिक महिन्यातलं गोल्फ

"ती बॅग खाली ठेवा, जावईबापू!"

अण्णा एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या बाल्कनीत दात घासणारा माणूस थांबून खाली बघू लागला. मी फक्त माझी स्वतःची बॅग गाडीच्या डिकीत ठेवत होतो. अण्णांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली, डिकीत कोंबली आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले. ते सत्तरीला आले होते आणि मी चाळिशीच्या अलीकडे होतो.

"अहो अण्णा, मी ठेवतो ना."

"अधिक लागलाय. अधिकात जावयानं ओझं उचलायचं नसतं."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? माझ्या सासऱ्यांनी मला कधी उचलू दिलं नाही."

दर तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो आणि त्या महिन्यात आमच्याकडे जावयाचा भाव एकदम वधारतो. एरवी साधा माणूस असलेला जावई या महिन्यात नारायण होतो. त्याला वाण देतात. वाण म्हणजे काहीतरी जाळीदार गोड, तेहतीस नग, वर तेवता दिवा. सासूबाईंनी दोन दिवस खपून अनारसे केले होते. ते ज्या पत्र्याच्या डब्यात होते, तो डबा पुण्यापासून उटीपर्यंत ऋताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मांडीवर राहणार होता. त्याच्यावर काही ठेवायचं नाही, तो तिरका करायचा नाही आणि मुख्य म्हणजे गाडीत एसी लावायचा नाही, कारण गारव्यानं अनारसे सादळतात. मे महिना होता.

सहलीची कल्पना अण्णांचीच. अण्णा म्हणजे त्र्यंबक सोवनी, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. कारखान्याच्या वसाहतीत नऊ होलचं एक मैदान होतं. तिथे हिरवळीचं नाव नाही, तेल ओतून दाबून बसवलेली वाळू. त्यावर अण्णा तीस वर्षं रोज सकाळी भोंगा होण्याआधी गोल्फ खेळले. मला कंपनीनं दोनेक वर्षांपूर्वी परदेशी पाहुण्यांची सोबत करायला म्हणून हा खेळ शिकायला लावला होता. ते कळल्यावर अण्णांना असा काही आनंद झाला, जणू मी त्यांच्यासाठीच शिकलो. बेळगावला खेळायचं, म्हैसूरला खेळायचं आणि शेवटी उटीला डोंगरावर खेळायचं, असा त्यांनी बेत आखला. पौर्णिमेला संध्याकाळी उटीच्या हॉटेलातच वाण.

आता खरी गोष्ट सांगतो. ऋता आणि मी फेब्रुवारीतच वेगळं व्हायचं ठरवलं होतं. वकिलांना भेटून झालं होतं. राहिलं होतं ते फक्त तिच्या घरी सांगायचं. प्रवासात निवांत वेळ असतो, दोघांनी मिळून शांतपणे सांगू, असं आमचं ठरलं, आणि त्यानंतर आमच्या लक्षात आलं की अधिक लागतोय. वाणाच्या वेळी जावयाला पाटावर बसवतात आणि सासरे त्याचे पाय धुतात. अण्णा वाकून माझे पाय धुणार, सासूबाई ते पुसणार आणि त्यावर कुंकू लावणार. ते होण्याआधी सांगायलाच हवं होतं. चार महिन्यांत ज्याच्याशी नातं उरणार नाही, त्याचे पाय अण्णांनी धुवावेत, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"बेळगावला सांगू," ऋता म्हणाली होती.

गाडी अण्णांनीच चालवली. मला चालवता येते, बरी चालवतो, पण जावयानं सारथ्य करायचं नसतं. मी पुढे, मानाच्या जागी. अण्णा ताशी पन्नासच्या वर जात नव्हते आणि ट्रक दिसला की तो पुढे जाईपर्यंत कडेला थांबत होते. काचा खाली, गरम वारा तोंडावर. साताऱ्याच्या पुढे माझा शर्ट पाठीला चिकटला. "उकडतंय का जावईबापूंना?" सासूबाईंनी मागून विचारलं. मी "छे, छान वारा आहे" म्हणालो. मागच्या सीटवर डबा धरून बसलेली ऋताही म्हणाली, "छान वारा आहे."

बेळगावच्या हॉटेलात अण्णांनी सगळ्या खोल्या उघडायला लावल्या. प्रत्येक गादीवर बसून उडून बघितलं, प्रत्येक नळ सोडला, प्रत्येक पंखा पाचवर फिरवला. मॅनेजर किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे, मॅनेजरच्या मागे आम्ही. शेवटी अण्णांनी गॅलरीची हवेशीर खोली आमच्यासाठी ठरवली आणि स्वतः स्वयंपाकघराच्या धुराड्याला लागून असलेली घेतली.

"अण्णा, तुम्ही घ्या ना ही."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

रात्रीच्या जेवणाचीही तीच कथा. खानावळ साधी होती, पण मी पहिला घास घेईपर्यंत कुणी ताटाला हात लावेना. वाढप्यालासुद्धा अण्णांनी बजावलं, "आधी यांना." बिल आलं तेव्हा मी खिशात हात घातला, तर अण्णांनी माझं मनगटच धरलं. आणि जेवणानंतर कुंदा. बेळगावला येऊन जावयाला कुंदा नाही, असं कसं चालेल? मला गोड आवडत नाही. कधीच आवडलं नाही. पण हे मी सासरी कधी बोललो नव्हतो. ऋतालाही बोललो नव्हतो, कारण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं हौसेनं शिरा केला आणि मी "काय सुंदर झालाय" म्हणून बसलो. मग दर रविवारी शिरा. मी कुंदा खाल्ला. सासूबाईंनी आणखी वाढला, तोही खाल्ला.

खोलीत आल्यावर मी ऋताला म्हणालो, "उद्या सकाळी सांगायचं?"

"सांगू. पण आईला गाडी लागलीय. एक दिवस जाऊ दे."

"ठीक आहे. तुला वाटेल तसं."

"तसं नाही, तुला उद्याच सांगायचं असेल तर..."

"नाही नाही, तू म्हणशील तेव्हा."

मग आंघोळीला आधी कुणी जायचं यावर "तू जा", "नाही, तू जा" चाललं, आणि गरम पाणी निघून गेलं.

सकाळी अण्णा आणि मी खेळायला गेलो. सामान उचलायला माणूस मिळत होता, पण आपली बॅग आपण उचलायची हा अण्णांचा कारखान्यापासूनचा नियम. फक्त या वेळी नियमात जावयापुरता बदल होता. दोन्ही बॅगा अण्णांच्या खांद्यांवर, डावीकडे त्यांची, उजवीकडे माझी, आणि मी शेजारून हात हलवत चाललोय. समोरून येणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टोपी खाली ओढली.

"अण्णा, द्या हो माझी. लोक बघतायत."

"बघू देत. माझा जावई आहे."

गोल्फमध्ये ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो. मी त्या दिवशी जिंकलो. चांगलाच जिंकलो. अण्णा प्रत्येक फटक्याला "वा!" म्हणत होते. एकदा माझा चेंडू झाडाच्या मुळांत जाऊन बसला. अण्णांनी बुटाच्या टोकानं तो हळूच मोकळ्यावर ढकलला आणि म्हणाले, "बरा पडलाय की! मारा." शेवटी त्यांनी माझी पाठ थोपटली. मी फुलून गेलो होतो. एवढ्या अनुभवी माणसाला हरवलं, म्हणजे आपण खरंच बरे खेळतोय, असं वाटलं.

बेळगाव सोडलं तेव्हा काही सांगून झालं नव्हतं. धारवाडला गाडी थांबवून पेढे घेतले गेले, माझ्यासाठी. दावणगेरेला लोण्याचे डोसे खाल्ले. ते मला मनापासून आवडले. दुसरा मागवावा असं मनात होतं, पण सासूबाई म्हणाल्या, "पोट जड होईल, त्यापेक्षा पेढा घ्या निरंजनराव." सगळ्यांची तोंडं हसरी होती. अण्णा आपल्या सासऱ्यांची गोष्ट सांगत होते, कसे ते अधिकात अण्णांना चिखलातून पाठुंगळीला मारून घेऊन गेले होते. मी टेबलाखालून ऋताला खूण केली. तिनं मान हलवली.

गाडीकडे जाताना कुजबुजली, "आत्ता कसं सांगणार? बघितलंस ना किती खुशीत आहेत."

"ऋता, काल आईंना बरं नव्हतं म्हणून नाही. आज बऱ्या आहेत म्हणून नाही."

"मग तू सांग ना."

"दोघांनी मिळून सांगायचं ठरलंय."

"हो, ठरलंय ना. चिडतोयस का?"

"मी कुठे चिडलोय?" मी म्हणालो. मी प्रचंड चिडलो होतो.

म्हैसूरलाही मी जिंकलो. पण तिथे एक गोष्ट मला खटकली. चेंडू होलपासून वीतभर अंतरावर होता. नुसती फुंकर मारली असती तरी गेला असता. अण्णांनी बराच वेळ वाकून नेम धरला, आणि चेंडू होलच्या शेजारून पार पलीकडे घालवला. "म्हातारपण," म्हणाले आणि हसले.

दुपारी जेवताना सासूबाईंनी बिंग फोडलं.

"काय हो, आज किती उशीर केलात! घरी तर दोन तासांत सगळ्यांना हरवून येता."

अण्णांनी ताटावरून डोळे वटारले.

"आता वय झालं," ते म्हणाले.

"वय कसलं? गेल्या महिन्यात त्या ब्रिगेडिअरना हरवून बर्फी आणली होतीत की." मग त्या माझ्याकडे वळून कौतुकानं हसल्या. "अहो निरंजनराव, अधिकात जावयाला हरवतात का कुणी!"

आणि म्हैसूरपाकाचा तुकडा माझ्या ताटात पडला.

म्हणजे बेळगावही खोटं, म्हैसूरही खोटं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. लहान मुलाला पळायच्या शर्यतीत जिंकू देतात तसं हा माणूस मला जिंकू देत होता, वर "वा!" म्हणत होता, वर माझी बॅग वाहत होता. दिवसभर मी कुणाशी धड बोललो नाही. मग सासूबाईंना वाटलं मला बाधलं. त्यांनी ओवा दिला.

उटीला पोचेपर्यंत पौर्णिमा उद्यावर आली होती. हवा गार झाली, निदान गाडीतला उकाडा गेला. सासूबाईंनी डबा उघडून अनारसे तपासले आणि सगळे शाबूत आहेत म्हणून समाधानानं डोळे मिटून हात जोडले. मी ऋताला म्हणालो, उद्या खेळून आलो की जेवायच्या आधी, काहीही झालं तरी. ती "हो" म्हणाली. मग म्हणाली, "तुला चालणार असेल तर जेवल्यावर?"

सकाळी अण्णांच्या खांद्यांवर दोन बॅगा आणि समोर डोंगरउतार. मैदान चढ-उताराचं, कडेला काटेरी झुडपं, हवा विरळ. पहिल्या चढावरच अण्णांना दम लागला. मी बॅग ओढली, त्यांनी सोडली नाही. आम्ही दोघं सामान चोरणाऱ्यांसारखे झटापट करत वर पोचलो.

आणि तिथे मी ठरवलं की आज मीही हरणार. बघूच कोण आधी कंटाळतो.

मी पहिला चेंडू मुद्दाम झुडपात मारला. अण्णांनी लगेच आपला त्याच्याही पलीकडे मारला. मी वाळूच्या खड्ड्यात घातला, त्यांनीही घातला. तीन होल आमचं असंच चाललं. चौथ्यावर तर कहर झाला. दोघांचेही चेंडू होलपासून हातभरावर. मी मारला, होल चुकवून पलीकडे गेला. अण्णांनी मारला, अलीकडे थांबला. मी परत चुकवला. अण्णांनी परत चुकवला. मागून येणारी चार माणसं कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यातल्या एकानं शिट्टी मारली. आमचे दोघांचेही चेहरे इतके गंभीर होते, की बघणाऱ्याला वाटावं मोठी स्पर्धा चालू आहे. अण्णांनी पुन्हा नेम धरला, कपाळाला आठ्या घालून, जीभ दातात धरून, चेंडू आत जाऊ नये म्हणून.

"अण्णा, पुरे!" मी ओरडलो. "मुद्दाम चुकवू नका. मी तुमचा जावई राहणार नाहीये."

अण्णा चेंडूवर वाकलेले होते, ते तसेच राहिले.

"काय म्हणालात?"

"ऋता आणि मी वेगळे होतोय. फेब्रुवारीतच ठरलंय. आम्ही दोघं मिळून सांगणार होतो. रोज सांगणार होतो. आज संध्याकाळी माझे पाय धुऊ नका, अण्णा. कृपा करा."

मागच्या माणसानं पुन्हा शिट्टी मारली. अण्णा सरळ झाले, त्यांनी त्याला हात वर करून थांबायला सांगितलं. टोपी काढली, परत घातली.

"भांडण झालं?"

"नाही."

"दुसरं कुणी आहे? तुमचं, की तिचं?"

"कुणाचंच नाही."

"हात उचललात तिच्यावर?"

"अण्णा!"

"बापाला विचारावं लागतं."

"आम्ही एकदाही भांडलो नाही, अण्णा. ती म्हणते तुला हवं ते कर, मी म्हणतो तुला हवं ते कर. मग कुणालाच हवं ते होत नाही. घरात दोन पाहुणे राहिल्यासारखे आम्ही राहतो. मला बोलायचं असतं, मी बोलत नाही. तिचंही तेच. आता दोघंही दमलोय."

मला वाटलं ते आता बसतील, किंवा माझ्या अंगावर धावून येतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. चेंडूकडे बघितलं, आणि नेम वगैरे न धरता सहज टोला दिला. चेंडू सरळ गेला आणि होलमध्ये पडला.

"पुढचा होल कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं.

"अजून खेळायचं?"

"मग काय इथेच उभं राहायचंय? मागे माणसं खोळंबलीत."

त्यांनी आपली बॅग खांद्याला लावली आणि चालू लागले. माझी बॅग गवतावर पडली होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो.

"उचल की," अण्णा मागे न बघता म्हणाले.

मी उचलली. पहाटेपासून, नव्हे पुण्यापासून मागत होतो ती बॅग मला मिळाली. ती खांद्याला लावून मी त्यांच्या मागे निघालो.

पुढच्या होलवर मी त्या माणसाचा खेळ पहिल्यांदा बघितला. फटका मारताना अण्णांचं शरीर वळलं आणि चेंडू निघाला तो उताराच्या वरून, झुडपांच्या वरून, मैदानाच्या बरोबर मधोमध जाऊन पडला. ते "वा" म्हणाले नाहीत, मीही म्हणालो नाही. माझा चेंडू आता मनापासून मारूनही झुडपात गेला. काट्यांच्या बुंध्याशी, अर्धा दडलेला. मी सवयीनं अण्णांकडे बघितलं, त्यांच्या बुटाकडे बघितलं.

"जिथे पडलाय तिथून खेळ," ते म्हणाले.

मी गुडघे टेकून, कोपर सोलून घेत, तो बाहेर काढला.

"रागावलात?" मी मध्येच एकदा विचारलं.

"रागावलोय. बोलू नकोस. खेळ."

राहिलेले सगळे होल ते जिंकले. एकही मला सोडला नाही. दया नाही, मजा नाही, चुकीला माफी नाही. शेवटी ते एका दगडावर बसले, बाटलीतलं पाणी प्यायले आणि बाटली माझ्यापुढे केली.

"खेळ बरा आहे तुझा. पण फटक्याच्या वेळी मनगट सैल सोडतोस. सगळं तिथे बिघडतं. कुणी सांगितलं नाही कधी?"

"तुम्ही 'वा' म्हणत होतात."

"तेव्हा जावई होतास," अण्णा म्हणाले. मग त्यांनी रुमालानं चेहरा पुसला. पुसणं बराच वेळ चाललं. मी दुसरीकडे तोंड केलं.

हॉटेलात परतलो तर सासूबाईंची तयारी सुरू झाली होती. स्वयंपाकघरातून पाट मागून आणला होता, त्याच्याभोवती त्या रांगोळी घालत होत्या. ऋता निरांजनाची वात तुपात भिजवत होती. तिनं माझा चेहरा बघितला आणि वात खाली ठेवली.

"शैला, वाण राहू दे," अण्णा म्हणाले.

सासूबाईंचा हात रांगोळीवर थांबला. "अगबाई. फोन आला का कुणाचा? सुतक आलं?"

"सुतक नाही. पोरं वेगळी होतायत."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. त्या पाटावरच बसल्या, माझ्यासाठी मांडलेल्या. ऋताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग पुण्यातच सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "एवढे अनारसे उन्हातून कशाला आणायला लावलेत मला?" आणि त्या रडू लागल्या.

ऋता त्यांच्याजवळ गेली नाही, माझ्या अंगावर आली.

"तू सांगितलंस? एकट्यानं? दोघांनी मिळून सांगायचं ठरलं होतं!"

"केव्हा सांगणार होतीस? पाय धुऊन झाल्यावर?"

"माझे आईबाप आहेत ते! मला वेळ हवा होता!"

"मग तसं म्हणायचं! 'तुला चालणार असेल तर' काय? मला चालत नव्हतं! मला एक दिवसही चालत नव्हतं!"

"मग तू तरी म्हणालास का? 'तुला वाटेल तसं, तुला वाटेल तसं!' कान किटले माझे ते ऐकून!"

आम्ही भांडत राहिलो. गॅलरीत जाऊन भांडलो, खाली बागेत जाऊन भांडलो. बेळगावच्या गरम पाण्यावरूनही भांडलो. लग्नानंतरचं आमचं ते पहिलं भांडण. त्यानं निर्णय बदलला वगैरे काही नाही. पावसाळा संपता संपता आम्ही कायद्यानं वेगळे झालो. ऋता नंतर नागपूरला गेली, तिथेच स्थायिक झाली. आमचं बोलणं आहे, आणि आम्ही फोनवर अजूनही कडाकडा भांडतो.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी चारही बॅगा डिकीत ठेवल्या. कुणी ओरडलं नाही. अण्णांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्याकडे टाकली.

"तू चालव. दमलोय मी."

ते पुढे माझ्या शेजारी बसले आणि बसल्या क्षणापासून सुरू झाले. घाटात दुसऱ्या गिअरवर ठेव. हॉर्न दे. क्लचवरचा पाय काढ, तो काय पाय ठेवायचा पाट आहे? एवढ्या जवळून ट्रक काढतात का? येताना ताशी पन्नासच्या वर न गेलेला माणूस मला गाडी शिकवत होता. मी दोन वळणं ऐकून घेतलं. तिसऱ्यावर म्हणालो, "अण्णा, चालवू द्या की मला!"

"मग नीट चालव," अण्णा म्हणाले.

मागे डब्याचं झाकण वाजलं. जाताना कुणी बोटसुद्धा लावू न शकलेला तो डबा. मी आरशात बघितलं. सासूबाईंचे डोळे सुजलेले होते. त्यांनी एक अनारसा काढून ऋताला दिला, एक अण्णांना, आणि तिसरा घेऊन पुढे वाकल्या.

"आई, ते तेहतीस..." मी म्हणालो.

"आता काय करायचेत तेहतीस? खा."

मी एक हात मागे केला.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर," अण्णा म्हणाले.

मग सासूबाईंनी तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला. मी चावला. खसखस, गूळ, तूप. त्या माझ्या खांद्याशी तशाच थांबल्या होत्या.

"कसा झालाय?"

'सुंदर' हा शब्द तोंडापर्यंत आला होता.

"आई, मला गोड आवडत नाही," मी म्हणालो. "कधीच आवडलं नाही."

उरलेला तुकडा सासूबाईंनी परत डब्यात टाकला.

"अरे, मग इतकी वर्षं बोलायला काय झालं होतं तुला?" सासूबाई म्हणाल्या. "कुंदा काय, पेढे काय, म्हैसूरपाक काय! अरे, बोलायचं की रे!"

आरशात ऋता दिसत होती. तिचा अनारसा हातात तसाच राहिला होता. ती सावकाश पुढे सरकली आणि तिनं दोन सीटच्या मधून तोंड काढलं.

"शिरा पण?" तिनं विचारलं.

मी तिच्याकडे वळलो. "शिरा पण."

"समोर बघून चालव," अण्णा म्हणाले.